फूट ड्रॉप स्प्लिंट: तयार घ्यावा की मापाचा?

चालताना चप्पल पायातून निसटते, पाऊल फरफटतं, एकाच चपलेचं पुढचं टोक झिजतं. अशा लोंबत्या पावलासाठी लातूर, नांदेड, बीडच्या सर्जिकल दुकानांत प्लास्टिकचा एल आकाराचा स्प्लिंट मिळतो, हजाराच्या आतबाहेर. पाऊल घोट्याशी काटकोनात धरणं, एवढंच त्याचं काम.

तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी केली की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, हाडाला लागून जाणारी नस दबते. पाऊल वर उचलत नाही, पण घोटा मोकळा हलतो. अशा ढिल्या पायाला तयार स्प्लिंट उत्तम. चवडा अडकायचा थांबतो. हीच नस कुष्ठरोगातही अधू होते. अंगावर बधिर चट्टा असेल तर स्प्लिंटच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. औषध फुकट आहे, आणि नस अधू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाले तर ताकद परतण्याची आशा जास्त.

अंगावरून वारं गेलेल्याचा पाय वेगळा. सुरुवातीला ढिला असतो, काही आठवड्यांत ताठरतो, पाऊल आत वळतं. त्या ओढीपुढे पातळ स्प्लिंट वाकतो, टाच वर सरकते, वेल्क्रो सुटतो. मग घरचे पट्टा आवळतात आणि घोट्यावर फोड येतो. इथे तयार माल घेऊच नका. प्लास्टरचा साचा काढून जाड प्लास्टिकचा, घोट्यावर पट्टा असलेला करून घ्या. आणि तोंड वाकडं, बोबडी, एका बाजूचा हातपाय लुळा असं अचानक झालं तर दुकान नव्हे, 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो.

स्प्लिंटची वरची कड गुडघ्याबाहेरच्या हाडाच्या उंचवट्याखाली किमान दोन बोटं हवी, नाहीतर तीच नस पुन्हा दबते. आत सुती मोजा घाला. पहिल्या दिवशी तासभरच वापरा, मग काढून कातडी बघा: लाली वीस मिनिटांत गेली नाही तर कड टोचतेय. शुगरवाल्यांना बरेचदा दुखतच नाही, त्यांचा तळवा रोज दुसऱ्याने बघावा. वेल्क्रोत धूळ आणि कापसाचे तंतू बसले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासा. चपलेत स्प्लिंट टिकत नाही, नुसत्या फरशीवर तो घसरतो. एक नंबर मोठा, मागून बंद बूट लागतो. तो बूट आणि रुग्ण दोन्ही दुकानात न्या, दहा पावलं चालवून बघा, मगच पैसे द्या.