पीककर्ज: गावची सेवा सोसायटी की बँकेचं केसीसी (किसान क्रेडिट कार्ड)?

दोन-तीन एकरवाल्याने व्याजदर बघून हे ठरवू नये. मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत राज्याची पंजाबराव देशमुख व्याजसवलत दोन्हीकडे लागू होते, व्याज जवळपास शून्यावर येतं. पीकदरही (कोणत्या पिकाला एकरी किती कर्ज ते) जिल्ह्याच्या समितीनेच ठरवलेले असतात. खरा फरक कळतो मार्चमध्ये, नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलताना.

सोसायटीत ३१ मार्चच्या आत भरणा केला तरी नवं कर्ज लगेच हातात पडत नाही. क.म. पत्रक (कोणाला किती कर्ज द्यायचं ते) मंजूर व्हायचं, जिल्हा बँकेकडून रक्कम यायची, यात मे उजाडतो. भरण्यासाठी लाखभर महिना शेकडा तीनने उचलले असतील तर दीड महिन्यात साडेचार हजार गेले. शून्य टक्क्याचं कर्ज ते हेच! केसीसीत पैसे हातउसने आणावे लागले तरी खातं पूर्ण भरून साधारण दुसऱ्या दिवशी परत उचलता येतात. माझा कल इथेच फिरला.

शिवाय मर्यादाही थोडी मोकळी. समजा क्षेत्र आणि पीकदराच्या हिशेबाने ६०,००० बसले, तर त्यावर घरखर्चाचे १० टक्के आणि अवजारं-देखभालीचे २० टक्के धरून ७८,००० होतात. विमा हप्ता वेगळा. बियाण्याला वीस हजार काढले तर व्याज वीसच हजारांवर चालतं. मुदत चुकलीच तर हा फरक जाणवतो. सोसायटीत भागाची (शेअरची) कपात आधीच होते, काही ठिकाणी थोडी रक्कम खताच्या रूपात गळ्यात पडते.

बँकेची कटकट वेगळी. सिबिल बघतात, सामाईक सातबाऱ्यावर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि भाऊबंदकी असेल तर गाडं तिथेच अडतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण अधिकाऱ्याला ते आठवण करून द्यावं लागू शकतं. सोसायटीचा गटसचिव गावातलाच, तारीख जवळ आली की घरी येऊन सांगतो. तारखा विसरणाऱ्यांनी तिथेच राहिलेलं बरं.

बदलायचं असेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात भरणा करा. बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला घ्या, तलाठ्याकडे सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि इतर हक्कातली नोंद गेलेला नवा सातबारा, ८अ घेऊनच शाखेत जा. जुना बोजा दिसला की फाईल तिथेच थांबते, आणि जूनमध्ये ना सोसायटीचे पैसे, ना बँकेचे.