इंद्रजालचा जुना अंक: रिपेअर करावा की आहे तसाच ठेवावा?

नौपाड्यातल्या माळ्यावर मामांचे वेताळचे (फँटमचे) इंद्रजाल कॉमिक्सचे अंक सापडले, 1964 ला सुरू होऊन 1990 ला बंद पडलेली ही सिरीज, त्यामुळे हातात घेतानाच छाती धडधडत होती. ठाण्याची दमट हवा, पिना गंजलेल्या, कडा पिवळ्या.

रिपेअर केला तर अंक देखणा दिसतो, पण फाटलेला तुकडा नवीन कागदाने भरला किंवा उडालेला रंग हाताने भरला की कलेक्टर लगेच भाव पाडतात, अमेरिकेत सीजीसीवाले (कॉमिक्स तपासून ग्रेड देणारी कंपनी) तर असा अंक जांभळ्या लेबलवर वेगळा काढतात. आणि सेलोटेप तर कृपा करून लावूच नका!! तिचा गोंद कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही.

तसाच ठेवला तर किंमत टिकते, फक्त मायलरची (पारदर्शक पॉलिस्टर फिल्मची) पिशवी, मागे अॅसिड-फ्री बोर्ड आणि कोरडं कपाट पाहिजे, माळा नको.

माझं मत विचाराल तर तसाच ठेवा. पान सुटूनच येत असेल तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, ती नंतर पाण्याने सोडवता येते, तेही जाणकाराकडूनच. मामांनी कव्हरवर पेनाने नाव लिहिलंय, त्याने भाव उतरेल, पण ते मी पुसणार नाही.