शाळेचा कारभार कशावर चालवायचा, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, गूगल की टीम्स? नव्या हेडमास्तरांसाठी

परवा तालुक्यातल्या एका मित्राचा फोन आला, याच महिन्यात त्याच्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आलाय. म्हणाला, व्हॉट्सॲप ग्रुप तर आहेतच, एकजण म्हणतो टेलिग्राम घ्या, दुसरा म्हणतो मायक्रोसॉफ्टचं टीम्स, ट्रेनिंगमध्ये गूगल वर्कस्पेस (शाळेच्या नावाचं ईमेल, ड्राइव्ह, शीट असा एकत्र संच) दाखवलं, नक्की काय घेऊ? अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथे सविस्तर लिहून टाकतो. मी स्वतः सात वर्षं हेडमास्तर आहे, अनुदानित हायस्कूल, ५वी ते १०वी, शिक्षक १४, क्लार्क एक, आणि वाय-फाय ऑफिसच्या दारापर्यंतच येतं.

ॲप निवडायच्या आधी एक बघा. "उद्या शाळा सकाळची आहे" हे नुसतं सांगायचं काम आहे, गेलं-वाचलं-संपलं. "५वी ते १०वीची प्रवर्गनिहाय पटसंख्या आज ४ वाजेपर्यंत" हे दहा जणांनी मिळून करायचं काम आहे आणि त्याचा कागद नंतर परत लागणार आहे. आपण दोन्ही एकाच ग्रुपात कोंबतो आणि मग रात्री साडेदहाला वर खाली स्क्रोल करत बसतो की नववी ब चा आकडा कुणी टाकला होता.

पालकांसाठी

इथे व्हॉट्सॲपला पर्याय नाही, वाद घालण्यात अर्थ नाही. टेलिग्राम कितीही चांगलं असलं तरी पालकाच्या फोनमध्ये ते नसतं, आणि असलं तर पोराने पिक्चर डाउनलोड करायला घेतलेलं असतं. पालक जिथे आधीच आहेत तिथेच आपण जायचं. प्रश्न एवढाच की व्हॉट्सॲपमधलं काय वापरायचं, कारण आता त्यात चार प्रकार झालेत.

साधा ग्रुप सगळ्यांना येतो. १०२४ माणसं बसतात, म्हणजे बऱ्याच शाळांचे सगळे पालक एकाच ग्रुपात मावतील, पण तसं करू नका. आमच्याकडे एका वर्षी गणवेशाच्या शिलाईवरून दोन पालकांची रात्री ११ ला जुंपली, सकाळी बघतो तर १८० मेसेज, आणि त्यात मी संध्याकाळी टाकलेली सहलीच्या संमतीपत्राची सूचना वाहून गेलेली. तेव्हापासून पालकांचे ग्रुप वर्गवार, आणि सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननेच मेसेज टाकायचा. पालकांना काही बोलायचं असेल तर वर्गशिक्षकांना वेगळा मेसेज करतात. थोडी कुरकुर झाली, पंधरा दिवसांत थांबली.

दुसरी अडचण नंबरची. ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एका मुलीच्या आईला अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले, कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही पण नंबर ग्रुपातूनच गेला असणार असं आम्हा सगळ्यांचं मत. यावर कम्युनिटी बरी. २०२२ च्या शेवटी आली. वरती एक सूचनांची जागा असते, तिथे फक्त ॲडमिन बोलतो आणि पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, खाली वर्गवार ग्रुप जोडता येतात, पण त्या खालच्या ग्रुपांत नंबर परत दिसतातच हे लक्षात ठेवा. सुट्टी, पाऊस, परीक्षा असल्या सगळ्या शाळेच्या गोष्टी वरून एकदाच टाकायच्या, सहा ग्रुपांत सहा वेळा फॉरवर्ड करायचं वाचतं.

चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. तिथेही नंबर लपलेले राहतात, माणसं कितीही. पण ते वेगळ्या टॅबमध्ये असतं आणि तिथे आमचे पालक फिरकतच नाहीत. स्नेहसंमेलनाचे फोटो, माजी विद्यार्थी, गावातले पुण्या-मुंबईला गेलेले लोक यांच्यासाठी ठीक, "उद्या लसीकरण आहे" यासाठी अजिबात नको.

ब्रॉडकास्ट लिस्ट जुनी युक्ती आहे, एका यादीत २५६ जण, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे पोचला की नाही हे तुम्हाला कळेपर्यंत पालक गेटवर येऊन "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणून उभा.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. आमच्या भागात दिवाळीच्या आसपास बरीच घरं ऊसतोडीला जातात, पोर आजीकडे आणि आईबाप दोन जिल्हे सोडून फडात. ते लेखी सूचना वाचतीलच असं नाही, पण व्हॉइस मेसेज ऐकतात, रात्री फोन चार्ज झाला की. म्हणून महत्त्वाची सूचना मी दोनदा टाकतो, एकदा लेखी आणि एकदा स्वतःच्या आवाजात, चाळीस सेकंदात, आपल्या बोलीत. पीडीएफ परिपत्रकापेक्षा त्याला जास्त उत्तरं येतात. ज्यांच्याकडे कीपॅडचा फोन आहे त्यांच्यासाठी पोराच्या वहीतली चिठ्ठी चालूच ठेवा, लाज वाटायचं कारण नाही.

स्टाफसाठी

खरा फरक इथे पडतो, आणि इथे मी स्पष्टच सांगतो, स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप फक्त निरोपापुरता ठेवा.

आमच्याकडे आधी काय व्हायचं ते बघा. वरून एक्सेलचा फॉरमॅट यायचा, "अत्यंत तातडीचे, आजच". मी तो ग्रुपवर टाकायचो. ३१ हात जोडलेले इमोजी. मग अकरा वर्गशिक्षकांच्या अकरा फाइली परत यायच्या, एकीचं नाव "बुक१", दुसरीचं "फायनल", तिसरीचं "फायनल नवीन २". दोघेजण कागदावर लिहून फोटो टाकणार, एकजण नुसतं "निरंक" लिहिणार, कशाबद्दल निरंक ते सांगणार नाही. एकाने श्री-लिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) टाइप केलेलं कॉपी करून टाकलं की ग्रुपवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची जत्रा. क्लार्क भाऊसाहेब पाच वाजेपर्यंत ते सगळं एका शीटमध्ये चिकटवत बसायचे, आणि बेरीज चुकली की परत पहिल्यापासून.

आता एकच गूगल शीट आहे. वर्गाप्रमाणे ओळी, ज्याने त्याने आपली ओळ भरायची, बेरीज आपोआप. कुणाची ओळ रिकामी ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे मला "अहो सर, तुमचं राहिलंय" असं म्हणावंच लागत नाही, हा फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. त्याच शीटमध्ये बदली तासांचा टॅब आहे. पूर्वी सकाळी पावणेदहाला कुणाचा रजेचा फोन आला की मी वेळापत्रक घेऊन स्टाफरूममध्ये फिरायचो, आता पर्यवेक्षक मॅडम घरूनच भरतात आणि येता येता सगळ्यांना कळलेलं असतं की तिसरा तास कुणी घ्यायचा.

पण शीटचेही धोके आहेत. पहिल्याच वर्षी एका सरांनी नावं अकारविल्हे लावायला म्हणून फक्त नावाचा कॉलम निवडून सॉर्ट केला. नावं हलली, जन्मतारखा जागच्या जागी. आठवीतल्या प्रत्येक पोराची जन्मतारीख दुसऱ्याची! आम्हाला कळलं दोन दिवसांनी. कॉम्प्युटरवर फाइल मेनूत व्हर्जन हिस्ट्री असते, तिथून परवाची शीट परत आणली म्हणून वाचलो, नाहीतर जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही) घेऊन बसावं लागलं असतं. तेव्हापासून नाव आणि जन्मतारखेचे कॉलम लॉक, आणि "लिंक असलेल्या कुणालाही एडिट" हे कायमचं बंद, प्रत्येकाच्या ईमेलवरच परवानगी.

हे काम टेलिग्रामवर होतं का? नाही. टेलिग्रामचा एकच मुद्दा मला पटतो, जुने मेसेज दिसण्याची सेटिंग चालू ठेवली तर वर्षाच्या मध्यात बदलून आलेल्या शिक्षकाला ग्रुपातलं मागचं सगळं, जूनपासूनच्या पीडीएफसकट, वाचता येतं, आणि फोन बदलला तरी काही जात नाही. पण ती सोय गूगल ड्राइव्हमधल्या एका फोल्डरनेही होते, त्यासाठी चौदा जणांना नवीन ॲप घ्यायला लावायचं मला जमलं नाही.

गूगल की मायक्रोसॉफ्ट

दोघंही शाळांना फुकट देतात. गूगलचं वर्कस्पेस फॉर एज्युकेशन फंडामेंटल्स, मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ ए१, टीम्स त्यातच येतं. फुकट ए१ मध्ये वर्ड, एक्सेल ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतात, कॉम्प्युटर लॅबमध्ये ऑफिस इन्स्टॉल करायला मिळेल या आशेवर घेऊ नका.

ज्यांचे क्लार्क एक्सेलमध्ये मुरलेले आहेत, शाळेत चांगले कॉम्प्युटर आहेत आणि शिक्षक लॅपटॉपवर बसतात, अशा शहरातल्या शाळेला टीम्स छान. चॅट, फाइल, मीटिंग एकाच जागी, प्रत्येक विषयाचा वेगळा कप्पा. आमच्याकडे मात्र १४ पैकी ११ जण सगळं मोबाइलवर करतात, आणि टीम्स साध्या अँड्रॉइडवर मला तरी जड वाटलं, शिवाय कुठली फाइल कुठल्या कप्प्यात गेली हे शोधण्यातच तास जायचा. गूगलचं खातं प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असतं, शीट उघडायला वेगळं शिकवावं लागत नाही, जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठीत बोलून टाइप करता येतं. म्हणून आमचं मत गूगल. तुमचं वेगळं असू शकतं.

आता साधं जीमेल वापरायचं की शाळेचं वर्कस्पेस काढायचं? साध्या जीमेलमध्ये १५ जीबी जागा, लगेच सुरू. वर्कस्पेसला शाळेच्या नावाचं डोमेन (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) लागतं, त्याचे वर्षाला हजाराच्या आत-बाहेर रुपये, शाळा मान्यताप्राप्त आहे याचे कागद द्यावे लागतात आणि मंजुरीला थोडे दिवस जातात. बदल्यात अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक शिक्षकाला शाळेचं खातं, बदली झाली की ते बंद करता येतं. दोन-तीन शिक्षकी शाळा असेल तर या भानगडीत पडू नका, एक जीमेल आणि एक ड्राइव्ह फोल्डर पुष्कळ झालं. दहा-बाराच्या वर स्टाफ असेल तर एकदा त्रास सोसा.

मीटिंगबद्दल फार लिहीत नाही. फुकटातलं झूम ४० मिनिटांत तुटतं, साध्या जीमेलवरचं मीट तासाभराने, शाळेच्या खात्यावर ती कटकट नाही, १०० जण बसतात. स्टाफ मीटिंग मी कधीच ऑनलाइन घेत नाही, चहा लागतो. शाळा समितीचे दोन सदस्य पुण्याला कंपनीत आहेत, त्यांना मात्र मीटवर घेतो, नाहीतर ते वर्षभर येतच नाहीत. इतिवृत्त गूगल डॉकमध्ये लिहून सगळ्यांना आधी दाखवतो, चुका तिथेच निघतात, पण सह्या रजिस्टरवरच घ्या, तपासणीला साहेब डॉक बघत नाहीत.

पालकांकडून माहिती घ्यायची असेल तर

गूगल फॉर्म, पण गाव, तुकडी, प्रवर्ग हे सगळं यादीतून निवडायला ठेवा, लिहायला ठेवलं तर एकाच गावाची नऊ स्पेलिंगं येतात. आधारचा फोटो, बँक पासबुक, दिव्यांग प्रमाणपत्र असलं काहीही वर्गाच्या ग्रुपवर मागवू नका. पूर्वी आम्हीही मागवलंय, खोटं कशाला बोलू. आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक पोर बालक धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. हे कागद ऑफिसात आणून दाखवू देत, क्लार्क तिथेच नोंद करतील.

आणि हो, यातल्या कशानेही यू-डायस, सरल (शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी पोर्टलं), शालार्थ (पगाराचं) सुटत नाही, ते आपापल्या पोर्टलवर भरायचंच आहे. फक्त माहिती आधी आपल्या शीटमध्ये नीट असली की पोर्टल उघडल्यावर ओळ बघून भरता येते, सर्व्हर चालू असेल तर.

म्हणजे माझ्या मित्राला शेवटी मी सांगितलं ते हे, की पालकांना व्हॉट्सॲप कम्युनिटी, स्टाफला गूगल शीट आणि ड्राइव्ह, तिसरं ॲप या वर्षी आणू नको, आणि संध्याकाळी सातनंतर तू स्वतः ग्रुपवर काही टाकू नकोस, कारण मोठ्या सरांचा मेसेज आला की नव्या शिक्षिका जेवणावरून उठून उत्तर देतात. तो म्हणाला, शाळेचं जीमेल आहे की आधीपासून. मी विचारलं पासवर्ड कुणाकडे. तर ते खातं ज्या सरांनी काढलं त्यांची बदली होऊन तीन वर्षं झाली, रिकव्हरीला त्यांचाच नंबर, आणि खातं तेव्हापासून कुणी उघडलेलं नाही. दोन वर्षं न वापरलेलं साधं खातं गूगल काढून टाकू शकतं. त्याला म्हटलं, आधी त्या सरांना फोन लाव. आणि नवीन खातं काढावं लागलं तर रिकव्हरीला तुझा नंबर देऊ नकोस, शाळेच्या नावाचं सिम घे, ऑफिसातल्या फोनमध्ये ठेव, आणि त्याचं रिचार्ज भाऊसाहेबांच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, आमचं एकदा त्यापायी बंद पडलंय.