हेक-रासमध्ये धरणाचे दरवाजे कसे चालवायचे: टाईम सिरीज, एलिव्हेशन कंट्रोल की रूल्स?

हेक-रास या नदी-पुराचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये इनलाईन स्ट्रक्चर (नदीला आडवं धरण किंवा बंधारा) टाकलं, सांडव्याची पातळी दिली, दरवाज्यांची रुंदी-उंची भरली, की अनस्टेडीमध्ये, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रवाहाच्या रनमध्ये, प्रश्न येतोच, दरवाजे चालवायचे कसे? पर्याय तीन: टाईम सिरीज, म्हणजे कोणत्या वेळी दरवाजा किती उघडा ते आपणच भरायचं; एलिव्हेशन कंट्रोल, म्हणजे पाण्याच्या पातळीवर दरवाजा उघडायचा-मिटायचा; आणि रूल्स, म्हणजे "असं झालं तर तसं कर" अशा आपण लिहिलेल्या अटी. बरेच जण इथे थेट रूल्सवर उडी मारतात, कारण ते भारी दिसतं. मी म्हणेन आधी धरणावर दरवाजा खरंच कोण उचलतं ते बघा.

मागच्या पुराचं मॉडेल जुळवायचंय आणि "सकाळी 8, सहा दरवाजे दीड फूट" अशा नोंदी हातात असतील तर डोळे झाकून टाईम सिरीज. वक्राकार दरवाज्याचा विसर्ग गुणांक साधारण 0.6 ते 0.8 मध्ये हलवून बघायचा, पण रजिस्टरातला विसर्ग बहुतेकदा तक्त्यावरून काढलेला असतो, मोजलेला नसतो, त्यामुळे जुळवायचं ते धरणाखालच्या पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या पातळीशी. आणि एकक बघा हो! मी एकदा 5 फुटाचे 5 मीटर भरले, मॉडेलमधलं धरण बघता बघता रिकामं, आणि मी दोन तास मॅनिंगचा एन (नदीपात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) तपासत बसलो.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांना मात्र एलिव्हेशन कंट्रोल अगदी चपखल. पातळी आली की उघडा, उतरली की बंद करा. फक्त सातही एकाच गेट ग्रुपात (एकत्र हलणाऱ्या दरवाज्यांचा गट) टाकलेत तर सगळे एकदम उघडतील, प्रत्यक्षात ते एकेक करून उघडतात, म्हणून सात वेगळे ग्रुप करा. उघडायची आणि मिटायची पातळी अगदी जवळजवळ दिली किंवा उघडायचा वेग जास्त ठेवला की दरवाजा फडफडायला लागतो, हायड्रोग्राफ, म्हणजे वेळेनुसार विसर्गाचा आलेख, करवतीसारखा दिसतो. दोन्हींत थोडं अंतर ठेवा, वेग कमी करा, तरी नाही थांबलं तर टाईम स्टेप (मॉडेल किती वेळाच्या टप्प्याने गणित करतं ते) लहान करा.

रूल्स कधी? दरवाज्याचा निर्णय एकापेक्षा जास्त गोष्टींवर असेल तेव्हाच. समजा कोयना धरणाच्या वक्राकार दरवाज्यांचा अभ्यास करताय, तारखेनुसार ठरलेली जलाशयाची पातळी पाळायचीय, आणि खाली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फुटांची इशारा पातळी आली की विसर्ग रोखून बघायचाय. हे बाकी दोन पर्यायांना जमणार नाही. पण रूल्स प्रत्येक टाईम स्टेपला तपासले जातात, माणूस काही दर मिनिटाला दरवाजा हलवत नाही, त्यामुळे शेवटचा बदल कधी केला ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवून "तीन तास झाल्याशिवाय हात लावू नको" अशी अट घाला. नाहीतर मॉडेलमधला ऑपरेटर देवमाणूस होतो आणि पूर कागदावर फारच छान आटोक्यात येतो.

केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याला यातलं काहीच लावू नका. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतात, पुराच्या रनमध्ये नुसते खांब आणि वरचा स्लॅब, म्हणजे सरळ पूल म्हणून टाका.