रेडिमेड एक्झॉस्ट सात महिने, बनवून घेतलेला अकरा महिने

माझ्या जुन्या १.६ लिटर पेट्रोल हॅचबॅकचा मूळ सायलेन्सर आतून सडून फुटला, तिथून हे सगळं सुरू झालं. सडण्याचं कारण माझंच ड्रायव्हिंग. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी वाफ होऊन पाइपातून बाहेर पडतं. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालली तर मागचा डबा पुरेसा तापत नाही, वाफेचं तिथेच पाणी होतं आणि ते पत्रा खात बसतं. बाहेरून ठणठणीत दिसणारा सायलेन्सर एक दिवस हातात येतो तो असा.

आधी रेडिमेड घेतला. कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचं सगळं. तीन तुकडे, क्लॅम्प, गॅस्केट, मूळ हँगरवरच टांगायचं, वेल्डिंगचा प्रश्नच नाही. दुपारी जेवून कामाला लागलो आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर होती. आवाज मूळच्यापेक्षा थोडा खोल, पण काचा वर केल्या की आत काही जाणवत नव्हतं. तेव्हा त्याचं विशेष कौतुक वाटलं नाही. ते किती अवघड काम होतं हे पुढे कळलं.

तक्रारी दोन होत्या. पहिली गंजाची. कंपनीने ‘स्टेनलेस’ म्हटलं होतं, ते खोटं नव्हतं, पण तो ४०९ ग्रेडचा होता. त्यात क्रोमियम जेमतेम ११ टक्क्यांच्या आसपास, चुंबक चिकटतो, आणि पहिल्या पावसानंतर वरून तांबूस होतो. तो लवकर कुजत नाही, नुसता कळकट दिसतो. दुसरी तक्रार जास्त छळणारी. गाडीत पाच जण बसले की मागून ठक-ठक. पाइप आणि मागच्या सस्पेन्शनच्या बारमध्ये बोटभरही जागा उरत नव्हती. क्लॅम्प सैल करून पाइप फिरवून पाहिला, हँगरची रबरं बदलली, तरी पूर्ण गेलं नाही.

खरं कारण नंतर सापडलं. माझी गाडी कधीकाळी मागून ठोकली गेली होती आणि तिचा मागचा भाग दुरुस्त केलेला आहे. एक हँगर मूळ जागेपासून दीड सेंटीमीटर सरकलेला. रेडिमेड पाइप कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या मापाचा असतो, माझ्या गाडीच्या नव्हे. पुढे मी तोच एक्झॉस्ट त्याच मॉडेलवाल्या एकाला विकला, तर त्याच्याकडे तो हूं की चूं न करता बसला. (विकता येतो, हाही रेडिमेडचा मोठा फायदा. बनवून घेतलेला कोण घेणार?)

म्हणून ठरवलं, गाडीखाली माप घेऊनच बनवायचा. मटेरियल ३०४, साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं. सगळी वळणं मँड्रेल बेंड, म्हणजे वाकवताना आतून आधार दिलेली, वळणावर पाइप चेपत नाही. इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं. मग फॅब्रिकेटरने विचारलं, “आवाज किती हवा?” आणि मी म्हणालो, “थोडा भारदस्त.” असं मोघम उत्तर दिलं की समोरचा आपल्या आवडीचा आवाज बनवून देतो. शिवाय दोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची घालण्याचा हट्टही माझाच. अडीच इंचात आतलं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. वर मागे सरळ आरपार मफलर, म्हणजे धूर न वळता थेट बाहेर जाणारा सायलेन्सरचा डबा.

फिटिंग मात्र अप्रतिम. ठक-ठक कायमची बंद, टेलपाइप बंपरच्या बरोबर मध्यभागी. पहिला आठवडा मी उगाचच चकरा मारत होतो.

दुसऱ्या आठवड्यात लांबच्या प्रवासाला निघालो आणि २४०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला २४०० फेरे) गाडी घुमायला लागली. कानापेक्षा छातीत जाणवणारा तो घुमारा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके. नेमकी याच वेगाला केबिनची हवा साथ देत होती, आणि टॉप गिअरमध्ये माझा नेहमीचा वेगही हाच. तासाभराने बायको म्हणाली, “गाणी नंतर लाव, आधी हा भुंगा बंद कर.” चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्वीइतका ओढही राहिला नव्हता. ‘बॅकप्रेशर कमी झालं’ असं याला सगळे म्हणतात, पण अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. पाइप फार रुंद झाला की कमी आरपीएमला वायूचा वेग मंदावतो आणि आधीचा धूर पुढच्याला ओढून नेत नाही.

दुसऱ्या फेरीत मधला लांब तुकडा काढून सव्वादोन इंची घातला आणि त्यात रेझोनेटर, म्हणजे घुमारा दाबणारा आणखी एक डबा, बसवला. ओढ परत आला, घुमणं निम्म्यावर आलं. काढलेला तुकडा उभा चिरून पाहिला तेव्हा वाईट वाटलं. जोडांच्या आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखी काळी खरबरीत खपली. वेल्डिंग करताना पाइपात आतून आरगॉन वायू सोडला नाही की असं होतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. नवे जोड मी उभं राहून आरगॉन सोडूनच करवून घेतले. हे पहिल्याच दिवशी विचारायचं असतं.

तिसऱ्या फेरीला मुख्य पाइपाला समांतर, एका टोकाला बंद असलेली फांदी जोडली. ध्वनी तिच्यात शिरतो, बंद टोकाला आपटून उलटा येतो आणि घुमाऱ्याला खोडतो. लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथाई. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला ४५० मीटर धरून मी १.४ मीटर काढली आणि चुकलो. बंद फांदीतला वायू वाहत नाही, मुख्य पाइपापेक्षा तो बराच थंड राहतो आणि आवाज त्यात हळू जातो. फॅब्रिकेटरने हिशेब न करताच टोकाचं झाकण नुसतं टाचलं होतं, पूर्ण वेल्ड केलं नव्हतं. थोडं कापायचं, चक्कर मारायची, परत कापायचं. १.२ मीटरच्या जरा आत घुमारा जवळजवळ नाहीसा झाला.

चौथ्या महिन्यात एक हँगर रबर फाटलं. तीन मीटरचा ३०४ पाइप तीनशे अंशांनी तापला की दीड सेंटीमीटर लांबतो. रेडिमेडचे सरकते जोड ते पोटात घेतात, माझा सगळा अखंड वेल्ड केलेला. एक जोड सरकता करून घेतला, नंतर त्रास नाही.

कन्व्हर्टर आणि त्याच्या अलीकडचं, इंजिनाकडचं काही मी बदलू दिलं नाही. तिथे फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, भासतं आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवतो. आणखी एक गोष्ट: रेडिमेडसोबत आवाजाचं प्रमाणपत्र आलं होतं, याच्यासोबत कागदाचा चिटोराही नाही. तपासणीला जाण्याआधी टेलपाइपपासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांत मीटर धरून मला स्वतःच मोजावं लागलं. मर्यादेत निघाला, पण थोडक्यात.

तुमची गाडी कधी ठोकली गेलेली नसेल आणि मागचा बंपर मूळचा असेल, तर रेडिमेड घ्या. घुमारा मारण्याचं जे काम मी तीन फेऱ्यांत केलं, ते कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. माझ्या गाडीला मात्र तो बसत नव्हता, त्यामुळे पुन्हा वेळ आली तरी मी बनवूनच घेईन, फक्त सव्वादोन इंची आणि ‘भारदस्त’ हा शब्द न वापरता.

मागच्या आठवड्यात एका उंच गतिरोधकावर मधला पाइप घासून चेपला. तसाच तुकडा बनवून द्या म्हणून फॅब्रिकेटरला फोन केला, तर तो म्हणतो, “माप कुठे लिहून ठेवलंय? गाडी घेऊन या.”