फिटनेस बँड मे महिन्यात किती खोटं बोलतो?

दोन ते चार हजारांत मिळणारे मनगटी बँड घ्यावेत का, याचं थोडक्यात उत्तर: पावलांसाठी घ्या, नाडीसाठी जपून घ्या, कॅलरीसाठी घेऊ नका. निदान मराठवाड्यात, मार्च ते जूनमध्ये तरी नको. नाव कुठलंही असो, या किमतीत आतलं यंत्र जवळपास सारखंच असतं. मागे हिरवा दिवा, शेजारी परत येणारा प्रकाश टिपणारा सेन्सर आणि हाताची हालचाल ओळखणारी चिप.

बँड कॅलरी मोजतच नाही. तो ठोके मोजतो आणि त्यात वय, वजन, लिंग मिसळून सूत्राने आकडा काढतो. कंपन्या आपापलं सूत्र उघड करत नाहीत, पण 2005 साली केटेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र सर्वांसमोर आहे. त्यात पुरुषासाठी मिनिटाचा एक ठोका वाढला की मिनिटाला सुमारे 0.15 कॅलरी वाढते. म्हणजे 10 ठोके जास्त पडले, तर 40 मिनिटांत 60 कॅलरी फुकटात जमा, एका कप गोड चहाएवढ्या.

आता हे 10 ठोके येतात कुठून? उन्हाळ्यात शरीराला उष्णता बाहेर टाकायची असते, म्हणून रक्त कातडीकडे वळतं. घामाने रक्तातलं पाणीही घटतं. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. तोच रस्ता, तोच वेग, पण जानेवारीपेक्षा मेमध्ये ठोके 10-15 ने सहज जास्त. पायाच्या स्नायूंना लागणारा प्राणवायू मात्र जवळपास तेवढाच. सपाट रस्त्यावर पळताना किलो वजनामागे, किलोमीटरमागे साधारण 1 कॅलरी लागते. 70 किलोचा माणूस 5 किलोमीटर पळाला की 350 च्या आसपास, पौष असो की वैशाख. बँडने 410 दाखवले तर वरचे साठ उन्हाचे.

घामाचा हिशोबही असाच गंडवतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो, हे खरं. पण ती शरीरात आधीच तयार झालेली आणि उन्हातून आलेली उष्णता असते. तिच्यासाठी वेगळी चरबी जळत नाही. बाजारात मिळणारे पोटाला गुंडाळायचे घामपट्टे म्हणूनच पैशाची नासाडी. वजनकाट्यावर घटलेला किलो दोन तांबे पाण्यात परत येतो. उलट पट्ट्याखाली घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. आपल्याकडच्या मेच्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो, बनियनवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. त्यामुळे किती पाणी गेलं हे कळायला व्यायामाआधी आणि नंतर वजन करणं हा बँडपेक्षा सोपा उपाय. एक किलो घटलं तर सुमारे सव्वा ते दीड लिटर पाणी, थोडंथोडं प्यायचं.

थंडीत चूक वेगळी. परभणीत डिसेंबरच्या पहाटे मनगटाच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सेन्सरला नाडी सापडत नाही. आकडा गायब होतो, किंवा पळताना सलग 165 वर अडकतो. तो बहुधा नाडीचा नसतोच, मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा असतो. घरातच पाच-सात मिनिटं अंग गरम करा, बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा आणि बाही त्याच्यावर ओढा. शंका आली तर गळ्याची नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणा. थंडीत जास्त कॅलरी जळतात ही समजूतही अर्धीच खरी. कुडकुडताना खर्च खूप वाढतो, पण झपझप चालू लागलं की स्नायूंच्या उष्णतेने कुडकुडणं थांबतं.

छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर चढणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ज्या बँडमध्ये उंची मोजायची सोय नाही, त्याला चढ दिसत नाही. 70 किलोच्या माणसाला 100 मीटर चढायला सपाट चालण्यापेक्षा साधारण 65 कॅलरी वरच्या लागतात.

छातीचा पट्टा घेतला तर? नाडी बरीच अचूक मिळते, कारण तो हृदयाचा विद्युत संकेत पकडतो. त्याचे काळे पॅड बांधण्याआधी पाण्याने ओले करायचे, कोरड्या हवेत तर नक्कीच. कॅलरीचा दोष मात्र तसाच राहतो. अचूक ठोके चुकीच्या जागी लावले इतकंच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांचे ठोके दबलेले असतात, त्यांना दोन्ही यंत्रं कॅलरी कमीच दाखवतात.

मग बँडचा खरा उपयोग? ठरलेला सपाट रस्ता, ठरलेला वेळ, आणि सरासरी ठोक्यांची नोंद. त्याच वेगाला ठोके हिवाळ्यापेक्षा 15 ने वर गेले, तर ऊन तेवढं चढलंय. वेग कमी करा किंवा सकाळी सहाच्या आत उरका.

सांभाळायचं म्हटलं तर घामाचं मीठ चार्जिंगच्या पिना खातं, रोज साध्या पाण्याने धुऊन पुसा. आणि उन्हात उभ्या गाडीत चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा साधारण 45 अंश असते, आणि दुपारी बंद गाडीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो.