'द लाँग डार्क'मधलं धनुष्य: सात महिने वापरून

नोव्हेंबरात 'द लाँग डार्क' घेतला तेव्हा ग्वाल्हेरला थंडी सुरू होत होती, म्हणून कॅनडाच्या बर्फात तगून राहायचा खेळ हौसेनं सुरू केला. आता जून आहे. बाहेर 45 अंश, शिंदे की छावणीतल्या आमच्या खोलीत कूलर घरघरतोय आणि पडद्यावर माझा माणूस गारठून मरतोय. 180 तास झाले. त्यातले निम्मे धनुष्यापायी गेले असतील, म्हणून बाकी खेळ सोडून त्याबद्दलच लिहितो.

याआधी वाल्हाइम खेळायचो. तिथे धनुष्य ताणलं की मधलं वर्तुळ आकसत जातं, पुरतं आकसलं की सोडायचं. सराव वाढेल तसं ताणायलाही कमी वेळ लागतो. 8 लाकडांत 20 बाण होतात, त्यामुळे चुकला तर चुकला. तीच सवय घेऊन इथे आलो आणि पहिल्या महिन्यात एक हरीण पडलं नाही. आई जेवायला हाक मारायला यायची आणि विचारायची, "अजून तोच ससा का रे?"

इथे नेम धरायला ठिपका नाही, वर्तुळ नाही. बाणाचं टोक दिसतं, बास. आणि बाण फुकट नाही. मेपलचं रोप 6 दिवस घरात वाळवा, आतडी 5 दिवस वाळवा, तेव्हा कुठे धनुष्य होतं. एका बाणाला बर्चची काडी, कावळ्याची 3 पिसं आणि भट्टीवर भंगार ठोकून केलेलं टोक. बाण मोडला तरी त्याचं टोक परत मिळतं, हे मला फेब्रुवारीत कळलं. तोवर मोडके बाण बर्फात टाकून येत होतो. अक्कल.

चुकण्याचं कारण मी आधी माउसवर ढकललं. (माउस खराब होताच, एका क्लिकचे दोन करायचा, पण तो बदलूनही बाण चुकतच राहिले.) मग वर धरून सोडायला लागलो: एवढ्या अंतराला एवढं वर, तेवढ्याला तेवढं. शेवटी वहीत शाळेतला हिशोब मांडला. खराखुरा बाण सेकंदाला 60 मीटर वेगानं सुटला, तर 30 मीटरला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटर खाली येतो. म्हणजे खांद्यावर धरलेला नेम खुरांपाशी. 15 मीटरवर तोच बाण जेमतेम फूटभर घसरतो. अंतर निम्मं केलं की घसरण चौथाईवर येते. खेळातले आकडे हेच असतील असं नाही, पण खोड तीच आहे. त्या दिवसापासून वर किती धरायचं हा विचार सोडला आणि जवळ जायला शिकलो.

जवळ जाणं मात्र सोपं नाही. वाकून चालायचं, पण वाकलेल्या अवस्थेत बाण सोडता येत नाही. ती मुभा धनुर्विद्येच्या पाचव्या, शेवटच्या पातळीवर मिळते. तोवर उभं राहावंच लागतं, आणि नेमकं तेव्हाच हरीण उधळतं. माझा उपाय असा: झाडाआड पोचायचं, तिथेच उभं राहून धनुष्य ताणायचं आणि मग हळूच बाजूला सरकायचं. पळत्या हरणावर बाण घालवू नका. मी घालवले, मोजदाद ठेवलेली नाही.

बाण लागला म्हणजे जनावर पडलंच असंही नाही. जखमी जनावर रक्त सांडत पळतं आणि बऱ्याच वेळानं कुठेतरी मरतं. मागे धावलात तर आणखी लांब जातं आणि तुम्ही वादळात सापडता. शेकोटी पेटवा, पाणी उकळा, मग निघा आणि आकाशाकडे बघा. मेलेल्या जनावरावर कावळे घिरट्या घालतात. हे आईला दाखवलं तर म्हणाली, "आपल्याकडे पितृपक्षात पानाला शिवायला एक येत नाही, तुझ्याकडे बरे थवेच्या थवे!"

हेडफोन लावा, विशेषतः उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये कूलरच्या आवाजात लांडग्याची गुरगुर मला ऐकूच आली नाही, पाठीवर कच्चं मांस होतं, त्याच्या वासानं तो आला असणार. खेळातल्या 61व्या दिवशी मेलो. माझ्या डावात एकच जीव होता, मेलो आणि तो डाव पुसला गेला. त्या रात्री जेवलो नाही, आणि कारण घरी सांगता येण्यासारखं नव्हतं.

ज्यांना संध्याकाळी अर्धा तास खेळून दहा शिकारी हव्यात, त्यांनी वाल्हाइमच घ्यावा, तो त्यासाठी झकास आहे. इथे एका हरणामागे अख्खा रविवार जातो.

सध्या चौथ्या पातळीवर आहे. परवा दुपारी धनुष्य ताणून झाडाआडून सरकत होतो, हरीण दहा पावलांवर, पाठमोरं, आणि छावणीची लाइट गेली. खेळ झोपताना किंवा घरात शिरता-निघताना सेव्ह होतो. पाऊण तासानं लाइट आली तेव्हा मी पुन्हा सकाळच्या झोपडीच्या दारात उभा होतो. बाण चारच्या चार शिल्लक होते.